जिभेतले बारा, गालातले पंधरा

तोंडात चट्टा उठलाय आणि हटत नाही, असं असेल तर हे पुढं वाचू नका. आधी डॉक्टरला दाखवून या, मग निवांत वाचा. मी निम्मं वर्ष आरशाला दाखवत बसलो होतो. आरसा काही बोलला नाही, आणि मीही कुणाला काही बोललो नाही.

मी सांगलीतला हळदीचा अडत्या. शेतकऱ्यानं आणलेला माल उतरवून घ्यायचा, व्यापाऱ्यांना दाखवायचा, सौदा जुळवून द्यायचा आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, असा आमचा धंदा. ही हकीकत लढाईच्या दिवसांतली. तेव्हा साखर, रॉकेल, कापड सगळ्याचीच टंचाई होती, आणि मला वाटायचं की यापेक्षा मोठी अडचण आपल्या घरात आता काय येणार.

पुढचं समजायला आमच्या बाजारातल्या दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतील. पहिली ही की आम्ही भाव तोंडानं सांगत नसू. रुमालाखाली हात घालायचा आणि एकमेकांची बोटं दाबायची. एक बोट दाबलं तर एक, पाची बोटं धरली तर पाच. तेच एक बोट कधी दहाही असायचं. एक आहे का दहा, रुपये आहेत का आणे, हे कोणी विचारायचं नाही, कारण समोर कसला माल पडलाय ते दोघांनाही दिसत असतं. रुमालाखालून फक्त आकडा जातो.

दुसरी गोष्ट मणाची. ज्या पेठेत जावं तिथला मण वेगळा. एका गावात मण म्हणजे जेवढं, त्याच्या दीडपट दुसऱ्या गावात. त्यामुळं कुणीही मणाची गोष्ट काढली की माझ्या तोंडून आपोआप यायचं, "कुठला मण?" माझी बायको अंबू यावरून मला फार चिडवायची. "मणभर काळजी लागलीया म्हणलं, तर तुमी इचारणार, कुठला मण," असं ती म्हणायची. माझा तो प्रश्न म्हणजे माझी अर्धी हुशारी होती. नेमका गरजेच्या वेळी तो मला सुचला नाही, त्याचीच ही गोष्ट आहे.

खर्डा सुटला

खालची एक दाढ तुटली होती आणि तिचं टोक जिभेच्या कडेला घासायचं. त्यात तंबाखूचा बार त्याच बाजूला. जिभेवर आधी पांढरट डाग आला, मग तिथं कडक झालं, मग चिरलं. मी मनाशी ठरवून टाकलं की हे दाढेचं आहे. दाढ काढायला वेळ नव्हता, कारण हळदीचा हंगाम होता. हंगाम संपल्यावर वेगळं कारण सापडलं.

अंबूनं ओळखलं ते जेवणावरून. मी खर्डा खायचा सोडला. आमच्याकडं भाकरीबरोबर खर्डा नसला तर माणूस ताटावरून उठतो, आणि मी दूधभाकरी कुस्करून खायला लागलो. तिनं आधी मिरच्या कमी केल्या, मग दाण्याचं कूट वाढवलं, आणि तरी मी हात लावेना तेव्हा ती समोर येऊन बसली.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"कशाला?"

"उघडा म्हणते न्हवं."

मी उघडलं. तिनं दिवा जवळ धरून बघितलं आणि म्हणाली, "आवं, मला वाटलं माझ्या हातची चव गेली. मी देवाला बोलले, आन् तुमी ह्ये तोंडात घिऊन गप बसला हुता?" तिनं रागानं माझं ताट बाजूला सारलं. तो राग मला त्या दिवशी कळला नाही. मला वाटलं, आजारी मी आणि बोलणी पण मीच खायची.

दुसऱ्या दिवशी टांगा करून आम्ही हॉस्पिटलात गेलो. हॉस्पिटलचं नाव सांगण्याचं कारण नाही. डॉक्टर वयानं माझ्याएवढेच, बोलायला शांत. त्यांनी बोट घालून जीभ चाचपली, गळ्याखाली दाबून बघितलं, जिभेचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि दाढ त्याच दिवशी उपटून टाकली. पुढं बातमी येईपर्यंत मी रोज दुकानात गेलो, आणि रोज एकदा तरी जिभेनं ती रिकामी जागा चाचपून, चट्टा कमी झाल्याची स्वतःची समजूत घातली.

कापायचं का टोचायचं

ज्या दिवशी बातमी आली त्या दिवसाचं मला सगळं आठवत नाही. टेबलावर एक हिरवी दौत होती आणि तिचं बूच सापडत नव्हतं, एवढं लख्ख आठवतं. डॉक्टर बोलत होते आणि मी त्या बुचाचा विचार करत होतो.

"कर्करोग आहे," ते म्हणाले. "पण लहान आहे, आणि गळ्यात गाठी उतरलेल्या नाहीत."

अंबूनं विचारलं, "म्हंजी जीव वाचंल न्हवं?"

"वाचेल असं समजूनच आपण काम करायचं. दोन रस्ते आहेत. एक, निम्मी जीभ कापून काढायची. दुसरा, जिभेत रेडियमच्या सुया बसवायच्या आणि सात दिवसांनी काढायच्या. रेडियमनं जमलं नाही, तर मग कापावंच लागेल."

मला आधी दुकान आठवलं. लोकांना वाटतं अडत्याचं सगळं रुमालाखालीच चालतं. पण रुमालापर्यंत दोघांना आणायला जीभच लागते. नाराज शेतकऱ्याला थांबवायला, अडून बसलेल्या व्यापाऱ्याला चहावर बसवायला, दोघं उठून चालले की हाक मारायला. निम्म्या जिभेचा अडत्या कोण ठेवणार? मी म्हणालो, "सुया घाला."

भीती वाटत होती हे खरं. पण भीतीच्या बरोबरीनं एक कुतूहलही डोकं वर काढत होतं, आणि त्यानंच मला पुढचे दिवस तारलं असं मी मानतो. मी विचारलं, "रेडियम किती घालणार?"

"बारा मिलिग्रॅम. सगळ्या सुयांत मिळून."

"म्हंजी किती हुतंय?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "सोनाराची गुंज माहीत आहे ना? एका गुंजेचे दहा भाग करा. त्यातला एक भाग."

"एवढंसंच?" अंबू म्हणाली. तिच्या आवाजात नाराजी होती. एवढं लांब टांगा करून यायचं आणि गुंजेचा दहावा भाग घेऊन जायचं, हे तिला पटेना.

मी विचारलं, "ह्ये पोत्यासकट का निव्वळ?"

"काय?"

"म्हंजी सुईचं वजन धरून, का सुई सोडून?"

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "निव्वळ. सुई धरलेली नाही, आणि आत रेडियमबरोबर जो क्षार असतो तोसुद्धा धरलेला नाही. फक्त रेडियम." मग म्हणाले, "तुम्ही पहिलेच पेशंट, ज्यांनी हे विचारलं." मला उगाचच मोठा सौदा मारल्यासारखं वाटलं.

खडूची रेघ

सुया बसवल्यावर भूल उतरून शुद्धीवर आलो तेव्हा जीभ माझी राहिली नव्हती. गोधडीला टाके घालावेत तशी ती शिवून काढलेली वाटत होती. प्रत्येक सुईच्या टोकाला रेशमी दोरा, ते सगळे दोरे ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढून गालावर चिकटवलेले. बोलायचं नाही, हलायचं कमी, गिळायचं जपून. लाळ मात्र कुणाच्या हुकमात नव्हती. ती सारखी वाहायची आणि मला स्वतःची किळस यायची. हे मुद्दाम लिहितो, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं आणि मला वाटलं होतं की आपलंच काहीतरी बिघडलंय. सगळ्यांचीच वाहते.

सिस्टर आल्या की आधी गालावरचे दोरे मोजायच्या, मग काय ते बोलायच्या. चादर बदलली की ती झटकून, चाचपून मगच धुवायला जायची. तस्तात थुंकलेलं सुद्धा बघितल्याशिवाय टाकत नसत. "तुमच्यापेक्षा तुमच्या सुयांची काळजी जास्त आहे आम्हाला," असं त्या तोंडावर म्हणायच्या आणि वर हसायच्या. त्यांचं हसणं आणि त्यांनी दिलेलं गार ताक, या दोन गोष्टींसाठी मी दिवस काढत होतो.

खाटेपासून काही हातांवर जमिनीवर खडूची रेघ ओढलेली होती. माणसांनी रेघेच्या पलीकडं राहायचं, कारण सुयांतून निघणारे किरण मला औषध असले तरी दुसऱ्याला नव्हेत. अंबू मुलांना माहेरी, शिराळ्याला पोचवून आली होती आणि दिवसभर त्या रेघेपलीकडं घोंगडीवर बसायची. मला पाटी दिली होती. मी पाटीवर लिहून ती उंच धरायचो आणि ती अक्षरं जुळवत वाचायची.

तिची समजूत अशी झाली होती की जीभ बंद आहे म्हणजे कानही बंद असणार. ती ओरडून बोलायची. एकदा ती दुकानावर जाऊन आली आणि रेघेवरूनच ओरडली, "आवं, राजापुरी हळदीचा भाव लय चढलाय! आपल्या मुनिमानं कितीला दिली ठावं हाय का?" आणि आकडा सांगून मोकळी झाली. सगळ्या वॉर्डात ऐकू गेला. उभ्या जन्मात जो आकडा मी रुमालाबाहेर जाऊ दिला नाही, तो तिनं टरबूज विकावा तसा ओरडून सांगितला. मी पाटीवर लिहिलं, "हळू." तिनं वाचलं आणि त्याहून मोठ्यानं म्हणाली, "हळूच बोलते न्हवं!"

हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं.

पण संध्याकाळ झाली की ती उठायची, पदर सारखा करायची आणि रेघेशी थोडा वेळ नुसती उभी राहायची. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, चारचौघांत आम्ही कधी एकमेकांच्या शेजारीसुद्धा बसलो नव्हतो. तरीही मधे ती रेघ आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ती रोज किती जवळ असायची. मला तिला हाक मारावीशी वाटायची. पाटीवर काय लिहावं हे सुचायचं नाही.

हसनभाईंचा रुमाल

रहिमतपूरचे हसनभाई माझे जुने गिऱ्हाईक. आल्याचा आणि हळदीचा व्यापार करायचे, आणि सौद्याला माझ्याशिवाय दुसऱ्याच्या रुमालात हात घालायचे नाहीत. त्यांना गालाच्या आतून हेच दुखणं झालं होतं, ते मुंबईला जाऊन उपचार घेऊन आले होते आणि आता दाखवायला या हॉस्पिटलात यायचे. माझं कळल्यावर ते थेट वॉर्डात आले आणि खडूची रेघ ओलांडून खाटेशी.

सिस्टर ओरडल्या. हसनभाई म्हणाले, "आवं बाई, माझ्या गालात मुंबईच्या डाक्टरनं सोन्याचं दाणं पेरल्यात. त्यात ह्येच औषध हाय. मला कसली भीती घालता?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अण्णा, घाबरू नगंस. माझं तोंड बघ. चट्टा पार निघून गेला. आन् गालात सोनं घिऊन फिरतूय, बायको बी आता इज्जतीनं बोलती."

मी पाटीवर लिहिलं, "किती घातलं?"

एवढ्या माणसांत आकडा तोंडानं सांगायचा हे त्यांच्यानं होणार नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. एक बोट दाबलं, मग पाची बोटं धरली. पंधरा.

मी पुन्हा लिहिलं, "काढणार कधी?"

"काढत न्हाईत. कायमचं ठिवलंय."

तोवर सिस्टरांनी त्यांना रेघेबाहेर काढलं. ते हात हलवून गेले, आणि माझं मन मात्र रुमालाखालीच अडकून पडलं. त्यांना पंधरा आणि मला बारा. त्यांना कायमचं आणि मला सातच दिवस. माल एक, रोग एक, मग माप दोन कसं? मुंबईला झुकतं माप दिलं आणि इथं आपल्याला नेमकं काट्याला काटा लावून दिलं, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

झुकतं माप म्हणजे काय हे सांगायला नको. तराजू सरळ झाला तरी वर मूठभर टाकायचं, पारडं गिऱ्हाइकाकडं झुकू द्यायचं. आमच्याकडं ती माणुसकी समजतात. जो वर टाकत नाही तो चिंगूस. मला डॉक्टर चिंगूस वाटायला लागले. रेडियम महाग असणार, थोडं थोडं सगळ्यांना वाटत असतील, असा हिशेब मी मनातल्या मनात मांडला. मला मरायचं नव्हतं आणि जीभही घालवायची नव्हती, आणि त्या दोन्हींच्या मधे मला तिनाची तूट दिसत होती. सुया जास्त दिवस ठेवून घेऊन ती भरून काढायची, असं मी ठरवलं.

तोंड मिटलं

सात दिवस पुरे झाले त्या सकाळी सिस्टर ट्रे घेऊन आल्या. मी तोंड मिटून घेतलं.

आधी त्यांना वाटलं, दुखतंय. त्यांनी समजावलं. मी मान हलवली. मग डॉक्टर आले. मी पाटी उचलली आणि दाखवली. आधीच लिहून ठेवली होती: "अजून ठेवा. पंधरा पुरे करा."

"कसले पंधरा?" डॉक्टर म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे बघा, सुया वेळेवर निघाल्या पाहिजेत. जास्त राहिल्या तर जीभ जळेल, शेजारचं जबड्याचं हाड सडेल. मग मला काहीच वाचवता येणार नाही."

घाबरवून सौदा मोडणारे मी खूप पाहिले होते. मी दात आवळले. जीभ ठणकत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी आवळले.

तेवढ्यात अंबू उठली. ती रेघेजवळ आली, क्षणभर थांबली आणि सरळ रेघ ओलांडून खाटेशी येऊन उभी राहिली. सिस्टरांनी तिचा हात धरला तो तिनं सोडवून घेतला. "आवं, उघडा तोंड. पयल्यांदा लपवायला मिटलं, आता ह्ये कशापायी मिटलं? तुमी उघडत न्हाई तवर मी हितनं हालत न्हाई. काय किरणं लागायची ती मलाबी लागू द्यात."

तिला बाहेर घालवा, असं मी हातानं खुणावत होतो. ती ऐकेना. शेवटी मी बोट दाखवलं, बाहेर व्हरांड्यात हसनभाई त्यांच्या नंबरची वाट बघत बसले होते. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं आणि अंबूला समजावून रेघेमागं नेलं.

"पंधरा काय?" डॉक्टरांनी विचारलं.

हसनभाई गोंधळले. "पंधरा म्हंजी पंधरा. मुंबईला डाक्टर म्हणलं, पंधरा... कुरी का काय ते."

"मिलिक्युरी!" डॉक्टर म्हणाले आणि कपाळावर हात मारला. मग माझ्याकडं वळले. "अहो, तुमचे बारा मिलिग्रॅम आहेत. यांचे पंधरा मिलिक्युरी आहेत. तुम्हाला नुसता आकडा कळला. तुम्ही माप विचारलंत का?"

कुठला मण? जन्मभर हाच प्रश्न विचारून मी पोट भरलं, आणि स्वतःच्या जिभेचा सौदा आला तेव्हा तो विचारायचा राहिला. रुमालाखालून फक्त आकडा जातो. आम्हा दोघांसमोर कुठला माल पडलाय ते दोघांनाही दिसत नव्हतं, तरी आम्ही सवयीनं हात घातला होता.

तरीही मी तोंड उघडलं नाही. आता अविश्वास नव्हता, आता जाणून घ्यायचं होतं. मी पाटी पुसली आणि लिहिलं, "मग फेड कशी?" एका पेठेचं माप दुसऱ्या पेठेच्या मापात बसवायला आम्ही फेड म्हणायचो.

डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ बघितलं, खाटेशी उभ्याउभ्याच पाटी घेतली आणि भरभर सांगायला लागले. रेडियममधून एक वायू निघतो. तो सोन्याच्या बारीक नळीत कोंडतात आणि नळीचे दाण्याएवढे तुकडे करतात. ते हसनभाईंच्या गालातले दाणे. वायू इतका थोडा असतो की तागडीत घालून वजन होत नाही, म्हणून त्याचं माप वेगळं. एक मिलिग्रॅम रेडियमच्या जोरावर जेवढा वायू टिकून राहतो, तेवढा वायू म्हणजे एक मिलिक्युरी.

मी खूण केली, मग सारखंच की.

"पहिल्या दिवशी सारखं. पण तुमच्या सुयांतलं रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. आणि यांचा वायू चार दिवस होतात न होतात तोच निम्मा. पुढच्या चार दिवसांत त्याच्या निम्मा. पुढं त्याच्याही निम्मा."

मी पाटी ओढून घेऊन लिहिलं, "ओली हळद."

"अगदी बरोबर. मोजताना भरते आणि ठेवली की घटते." डॉक्टरांचं घर वाळव्याकडचं होतं, त्यांना हळद समजावून सांगायला लागत नव्हती. "मग त्याची वाळलेली किती धरायची? आम्ही असं मोजतो: पहिल्या दिवसाच्या जोरानंच तो वायू चालला असता, तर किती तासांत संपला असता? एकशे तेहतीस तासांत. म्हणजे साडेपाच दिवस. पंधरा गुणिले एकशे तेहतीस."

मी बोटानं हवेत लिहिलं. एकोणीसशे पंच्याण्णव.

"आणि तुमचे बारा. सात दिवस म्हणजे एकशे अडुसष्ट तास."

दोन हजार सोळा. मी दोनदा करून बघितलं. मिलिग्रॅमला तासांनी गुणायचं, मिलिक्युरीला एकशे तेहतीसनं गुणायचं, आणि दोन्ही माल एकाच तागडीत येऊन बसत होते.

"दोघांचे आकडे इतके जवळ आले हा योगायोग समजा," डॉक्टर म्हणाले. "गाल वेगळा, जीभ वेगळी, आणि नळीच्या जाडीमुळं थोडी घट धरावी लागते, तुमचा कडता म्हणा, तो वेगळाच. पण तुम्हाला झुकतं मापच हवं असेल, तर ते आधीच दिलंय. तुमचे एकवीस जास्त आहेत. आता उघडा."

मी उघडलं.

सुया निघेपर्यंत हसनभाई तिथंच उभे होते, जरा हिरमुसलेले. "म्हंजी डाक्टर," ते म्हणाले, "माझं कायमचं म्हंजी साडेपाच दिवसच व्हय?"

"मालाच्या हिशेबानं, हो," डॉक्टर म्हणाले. "सोनं मात्र कायमचं."

बरं होणं

ज्यांच्या सुया निघाल्यात त्यांच्यासाठी हे लिहितो. सुया निघाल्या म्हणजे सुटलो असं समजू नका. माझी जीभ त्यानंतर जास्त सोलवटली, तिच्यावर पिवळी साय धरल्यासारखी झाली, आणि पाणी पितानाही जीव जायचा. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, तरी मला वाटलं की रोगच पसरला. अंबूला वाटलं की शेवटचे एकवीस जास्त झाले. त्यावरून आमचं दोन-तीनदा वाजलंसुद्धा. माझ्याजवळ बोलायला जीभ नव्हती, त्यामुळं ती जिंकली. मग हळूहळू साय सुटली आणि खाली गुलाबी, नवी कातडी दिसायला लागली.

त्या दिवसांत मला एकच विचार पुनःपुन्हा यायचा. माझ्या सुया आता कुणाच्या तोंडात असतील? सोळाशे वर्षांत निम्म्या होणाऱ्या वस्तूनं माझ्याजवळ सात दिवस काढले, आणि तिचं काहीच कमी झालं नाही. माझ्याआधी किती जणांच्या तोंडांतून ती फिरून आली असेल, पुढं किती जणांकडं जाईल. मला त्या अनोळखी माणसांबद्दल माया वाटायची, आणि त्यांनी वेळेवर तोंड उघडावं असं वाटायचं.

थंडी पडल्यावर डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. त्यांनी बोट घालून जीभ दाबली, कडेनं फिरवली, गळा चाचपला, पुन्हा दाबली. अंबू माझ्याकडं बघत नव्हती, टेबलाकडं बघत होती. हिरव्या दौतीला आता बूच होतं.

"काही लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "मऊ आहे. जीभ कापायचं कारण नाही."

मला रडू आलं. कोट घातलेला, फेटा बांधलेला माणूस मी, खुर्चीत बसून ढसाढसा रडलो.

अंबूनं विचारलं, "म्हंजी आता कायमचं बरं झालं न्हवं?"

डॉक्टर काही बोलायच्या आत मी बोललो. शब्द जाड येत होते पण येत होते. "कुठलं कायमचं?" मी विचारलं.

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "ते मला माहीत नाही, अण्णा. दर काही महिन्यांनी दाखवत राहा. एवढंच माप माझ्याकडं आहे."

आता सांगलीचं संस्थान विलीन झालं, मण-शेराचंही काही खरं नाही म्हणतात, आणि मी अजून दाखवायला जातो. हसनभाईही जातात. आमची गाठ व्हरांड्यात पडते.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. परतताना टांग्यात गार वारा लागत होता म्हणून अंबूनं आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर तिची शाल टाकली. टांगेवाला पुढं तोंड करून घोड्याशी बोलत होता. थोडं अंतर गेलं असेल, तेवढ्यात शालीखाली तिचा हात आला आणि तिनं माझी पाची बोटं घट्ट धरली.

मी आकडा ओळखला. पण एकदा फसलेला माणूस मी, आता विचारल्याशिवाय राहणार नव्हतो.

"पाच काय?" मी हळूच विचारलं.

"आवं, आकडा न्हाई त्यो," ती म्हणाली. "हात धरलाय."